ज्याचा हात आत

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि घरात जे कधी बोललं जात नव्हतं ते सगळं बोललं जाऊ लागलं. विहीर तळाला गेली. हिरवा चारा संपला आणि गाईंना मक्याची वाळकी ताटं भिजवून, कापून घालायची पाळी आली. ताटं मुळासकट उपटलेली, मुळांना ढेकळं चिकटलेली. असला चारा कुट्टीच्या घशाला लागणारच. कुट्टी म्हणजे चारा कापायचं यंत्र. एका बाजूला दातेरी रूळ, ते ताटं आत ओढतात, आणि मागे चाकावर दोन पाती, ती तुकडे करतात. दिवसातून कितीदा तरी तिचा घास अडकायचा आणि कोणीतरी तोंडात हात घालून तो मोकळा करायचा.

तो हात बहुतेक वेळा धाकट्याचा असायचा. थोरल्याचा अंगठा फोनवर असायचा.

हे पूर्वी असं नव्हतं. वडील होते तेव्हा कुट्टीची वीज विहिरीवरच्या बोर्डातून यायची, अजूनही तिथूनच येते. विहीर शेताच्या त्या टोकाला, गोठा या टोकाला. घास अडकला की ज्याला हात घालायचा असेल त्याने स्वतः विहिरीपर्यंत चालत जायचं, बोर्डातला चिनी मातीचा फ्यूज उपसायचा, खिशात टाकायचा आणि मग परत येऊन हात घालायचा. दुसऱ्याने काढलेला फ्यूज चालायचा नाही. सख्ख्या भावाने काढलेला तर मुळीच नाही. 'ज्याचा हात आत, त्याच्या खिशात फ्यूज,' असं म्हातारा म्हणायचा आणि पोरांनी चालायचा कंटाळा केला तर पाठीत रट्टा घालायचा. म्हातारा गेला तेव्हा त्याची दहाही बोटं जागेवर होती. त्या कामात आयुष्य काढलेल्या थोडक्यांना हे जमतं.

मग थोरल्याने बोर्डावर डबा बसवून घेतला. डबा विकणाऱ्याने त्याच्या फोनवर एक पान लावून दिलं. पानावर दोन नावं, विहीर आणि कुट्टी, आणि प्रत्येकाखाली एक बटण. हिरवं झालं की चालू, लाल झालं की बंद. गोठ्यात उभं राहून विहीर चालू करता येऊ लागली. थोरला इतका हरखला की महिनाभर तो येईल त्याला अंगठ्याने मोटर चालू करून दाखवायचा. गावाने त्याचं नाव बटण्या ठेवलं. त्याला ते आवडलं होतं, पण तो तसं दाखवत नसे.

विहिरीपर्यंतची चाल गेली आणि चालीबरोबर फ्यूजही गेला. तसं कोणी ठरवलं नाही. पायांनी ठरवलं म्हणा. थोरला म्हणायचा 'बंद केलंय', आणि धाकटा हात घालायचा.

धाकट्याच्या मनात मात्र दुसरंच सलत होतं. ते पान फक्त थोरल्याच्या फोनवर होतं. धाकट्याला वरच्या पट्टीत भाजी लावायची होती, तिला पाणी द्यायचं तर आधी दादाला शोधा, दादाला विचारा, दादा गाईंचा हिशेब सांगणार, मग कुठे दादाचा अंगठा हलणार. बायकोसमोर त्याची मान खाली जायची. एकदा सकाळी त्याने सरळ विहिरीवर जाऊन डब्याच्या वायरी उपसल्या आणि हाताने मोटर लावली. थोरला दुधाचे कॅन गाडीत चढवत होता. गाडीवाला होता, दूध घालायला आलेले चारपाच जण होते. थोरला तिथूनच ओरडला.

"पुन्हा त्या बोर्डाला हात लावलास तर हात उखडून टाकीन."

माणूस रागात काय बोलतो त्याला काही किंमत नसते, असं आपण म्हणतो. पण ते ऐकायला माणसं असली की किंमत येते. त्या दिवसापासून धाकटा वाटणी मागू लागला, आणि थोरला एकच उत्तर द्यायचा, आई आहे तोवर चूल एक आणि बोर्ड एक. हे तो हट्टाने म्हणायचा तसं प्रेमानेही म्हणायचा. धाकट्याला त्याने खांद्यावर बसवून वाढवलं होतं. धाकट्याशिवायचं घर त्याला दिसतच नव्हतं.

फोन कितीतरी दिवस मागे लागला होता. नवं आलंय, घेऊ का, नवं आलंय, घेऊ का. थोरला दरवेळी 'नंतर' दाबायचा. त्या दिवशी पहाटे तो लाथाड्या गाईची धार काढत होता, हात दुधाने ओले होते, आणि फोनने पुन्हा विचारलं. तो वैतागून 'होय' म्हणाला. दूध काढून होईपर्यंत फोन विझला, पेटला, पुन्हा विझला आणि नवी नवरी आल्यासारखा सजून उभा राहिला. अक्षरं गोल झाली होती, चित्रांचे रंग बदलले होते. डब्याचं पान मात्र होतं तसंच होतं. थोरल्याने ते उघडून पाहिलं, दोन्ही बटणं जागेवर दिसली, आणि त्याने फोन खिशात टाकला.

दुपारी ऊन असं होतं की गोठ्याच्या पत्र्याखाली श्वास घेणंही काम वाटावं. धाकटा भिजलेल्या ताटांचा भारा घेऊन कुट्टीपाशी आला. त्याची बायको, धाकटी, मागून कापलेला चारा पाटीत भरायला बसली होती. सकाळचा घास रुळांत तसाच अडकलेला होता, तो दोघांच्याही लक्षात नव्हता. थोरल्याने कुट्टीचं बटण दाबलं. हिरवं झालं. यंत्र हललं नाही. त्याने पुन्हा दाबलं, लाल केलं, हिरवं केलं. काही नाही.

"लाइट गेली वाटतं," धाकटा म्हणाला.

"गेली असेल," थोरला म्हणाला आणि फोन खिशात घालून लाथाड्या गाईला पाणी दाखवायला वळला.

धाकट्याला घास दिसला. लाइट नाही तोवर काढून टाकू, असं म्हणून त्याने उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. मुळांचा गुंता रुळांच्या दातांत बसला होता, तो बोटांनी उकरू लागला. थोरल्याच्या मांडीशी फोन थरथरला. गाय दचकते म्हणून तो फोनचा आवाज बंद ठेवायचा. दुधाच्या गाडीवाल्याचा फोन होता. थोरल्याने फोन बाहेर काढला, काच उजळली, त्याचा अंगठा काचेवर टेकला. तेवढ्यात कुट्टी सुरू झाली.

रुळांनी आधी मुळं ओढली आणि मग हात. धाकट्याने एकदाच ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज यायच्या आत पात्यांचा आवाज बदलला. वाळकं ताट कापताना जो कडकड आवाज होतो तो नव्हे, ओला, जड आवाज. धाकटीच्या पाटीत लाल चारा पडला. तिने काय पडलं ते पाहिलं आणि ती किंचाळायला लागली. थोरला लाल बटण दाबत होता. ते लाल होत होतं आणि यंत्र चालत होतं. रूळ कोपराकडे निघाले होते. थोरल्याने फोन फेकला, भिंतीशी टेकवलेली पहार उचलली आणि मोटरच्या पट्ट्यात घुसवली. पट्टा निसटला आणि चाबकासारखा त्याच्या गालावर बसला. गाल फाटला. यंत्र आपल्याच वेगात थोडं फिरून थांबलं. मग त्याने चाक हाताने उलटं फिरवलं. धाकटा शुद्धीवर होता. तो दादाकडे बघत होता, आणि त्या बघण्यात वेदनेच्या आधी एक प्रश्न होता. तो प्रश्न थोरल्याला पुढे कितीतरी दिवस जेवताना, निजताना दिसत राहिला.

तेवढ्यात आलेल्या दुधाच्या गाडीतूनच धाकट्याला दवाखान्यात नेलं. धाकटी कॅनांच्या मध्ये बसून नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन होती. थोरला मागे चढायला गेला तेव्हा तिने त्याच्या छातीवर लाथ मारली आणि तो रस्त्यावर पाठीवर पडला.

"मी पाहिलं," ती म्हणाली. "तुम्ही खिशातून काढलात आणि दाबलात. मी समोर होते."

तो गोठ्यात परतला. गाई सकाळपासून उपाशी होत्या आणि पाटीकडे माना ताणत होत्या. वास त्यांना कळत नव्हता असं नाही, पण भूक मोठी होती. एकीचं तोंड पाटीला लागणार तोच थोरल्याने तिला दांडक्याने हाणलं. ती मागे सरली तरी तो हाणत राहिला. तोंडावर, शिंगांच्या मुळाशी, गुडघ्यांवर. गाय खाली बसली तेव्हा तो थांबला आणि तिच्या मानेला मिठी मारून रडला. मग त्याने पाटी उचलली, यंत्राखालचा सगळा चारा फावड्याने गोळा केला, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथे धाकट्याला भाजी लावायची होती तिथे, खड्डा खणून पुरला. त्यात भावाचा हात होता. निवडून वेगळा काढावा असं त्यात काही राहिलं नव्हतं. हे काम त्याने एकट्याने केलं आणि घरी कोणाला जागा सांगितली नाही.

पोलीस येऊन गेले. धाकटा दवाखान्यातून त्यांना एवढंच म्हणाला की हात यंत्रात गेला. घरचं घरात बघू, असं तो म्हणाला. हे ऐकून आईला बरं वाटलं. थोरल्याला वाटलं नाही. धाकट्याचा स्वभाव त्याला आईपेक्षा जास्त ठाऊक होता.

घरचं बघायला आधी धाकटीचा भाऊ आला. बाजारात पोती वाहणारा हमाल, मानेवर घट्टे, बोलणं कमी. बरोबर दोन सोबती. थोरला गव्हाण झाडत होता. हमालाने त्याला केसांना धरून अंगणात ओढलं आणि काही न विचारता मारायला सुरुवात केली. गाय बांधायच्या साखळीने मारलं, पायातल्या बुटांनी मारलं. बरगडी मोडल्याचा आवाज थोरल्याने स्वतः ऐकला. त्याने एकदाही हात वर केला नाही. त्याला वाटत होतं, मार खाल्ला तर बहुतेक काहीतरी फिटेल. मग एका सोबत्याने त्याचा उजवा हात दगडावर धरला आणि हमाल टाचेने त्यावर उभा राहिला.

"हाताला हात," तो म्हणाला.

तेव्हा त्याची बायको, थोरली, विळा घेऊन घरातून बाहेर आली. ती कोणाला भ्यायची नाही, सासऱ्यालाही भ्यायची नाही. तिने हमालाच्या दंडावर विळा ओढला. मांस उघडं पडलं. ती दुसऱ्यांदा विळा उचलत होती तेव्हा सासूच मध्ये पडली आणि विळ्याचं टोक म्हातारीच्या बोटांना लागलं. तिघे शिव्या देत निघून गेले. अंगणात कोणाचं रक्त कुठलं ते कळत नव्हतं. म्हातारीने पदराने बोटं बांधली आणि मग थोरल्याच्या थोबाडीत मारली.

"खरं सांग," ती म्हणाली. "तू केलंस का?"

जगाने विचारलं ते त्याने सोसलं होतं. आईने विचारल्यावर मात्र त्याच्यातलं काहीतरी खचलं. तो नाही म्हणाला. म्हातारीने मान हलवली, पण ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्याला कळलं नाही.

दोन बोटं मोडलेली, बरगडीला फडकं बांधलेलं, अशा अवस्थेत तो बाजारात मोबाइलवाल्याकडे गेला. डबा विकणाऱ्याचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. मोबाइलवाल्याने फोन उलटसुलट केला, पान उघडलं, मिटलं, आणि विचारलं, फोनमध्ये नवं घेतलंत का. थोरला हो म्हणाला. मग मोबाइलवाल्याने त्याला कळेल असं सांगितलं. पान जुनं आहे आणि फोन नवा झाला आहे. पूर्वी बटण दाबलं की निरोप लगेच डब्याकडे जायचा. आता नवा फोन जुन्या पानाला मध्येच झोपवतो, आणि दाबलेले निरोप दाराशी पडून राहतात. फोन पुन्हा जागा झाला की ते सुटतात, आणि त्यात शेवटचा जो असेल तो डबा ऐकतो.

"पण हिरवं झालं होतं," थोरला म्हणाला.

"हिरवं पान स्वतःच होतं. मोटरला विचारून होत नाही."

"नेहमी असं होतं?"

"नाही ना. कधी जातं, कधी थांबतं. तीच तर पंचाईत."

थोरल्याने त्याला म्हटलं, हे माझ्या भावाला येऊन सांग. मोबाइलवाल्याने पाहिलं की माणसाच्या गालावर ताजे टाके आहेत आणि हातावर बुटाच्या टाचेचा वळ. तो म्हणाला, मला तुमच्या भांडणात घालू नका. थोरल्याने काउंटरवरून हात घालून त्याची कॉलर धरली, त्याचं डोकं काचेच्या कपाटावर आपटलं आणि पुन्हा आपटणार होता. आपण काय करतोय ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा मोबाइलवाल्याच्या भुवईतून रक्त येत होतं. थोरल्याने हात जोडले. मोबाइलवाल्याने फोन रस्त्यावर फेकला. काच तडकली, पण फोन चालू राहिला. असल्या वस्तू मरतही नाहीत.

धाकटा घरी आला तो मनगटाच्या वर तुटलेला, बांधलेला हात गळ्यात अडकवून. तो दादाशी एक शब्द बोलला नाही. चूल त्याच दिवशी वेगळी झाली. भिंतीच्या पलीकडून धाकटी त्याला घास भरवतानाचा आवाज यायचा आणि थोरल्याला घास गिळवायचा नाही. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावताना धाकटा भिंतीवर डोकं आपटायचा, तेही ऐकू यायचं. थोरली म्हणायची, जा, बोल त्याच्याशी. तो दारापर्यंत जायचा. धाकटी आतून दगड मारायची, आणि तिचा नेम चांगला होता.

शेवटी आईचा भाऊ आला. मामा थकलेला, शांत माणूस. सगळ्यांना त्याने गोठ्यात बसवलं. तोवर थोरल्याने पट्टा पुन्हा चढवला होता. तो म्हणाला, मी दाखवतो. बटण दाबलं की यंत्र चालू होत नाही आणि मागाहून होतं, हे तुम्ही डोळ्यांनी बघा. त्याने पान उघडलं. सगळे बघत होते. हमालही आला होता, दंडाला पट्टी बांधून. थोरल्याने बटण दाबलं.

कुट्टी ताबडतोब सुरू झाली.

त्याने बंद केली, ती ताबडतोब बंद झाली. पुन्हा दाबलं. पुन्हा सुरू. त्याने फोन खिशात घातला, काढला, पालथा धरला, झटकला. यंत्र शहाण्या पोरासारखं सांगितलेलं ऐकत राहिलं. थोरल्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. तो म्हणाला, दरवेळी नाही होत, कधीकधी होतं. हमाल हसला. मामाने जमिनीकडे पाहिलं.

धाकटा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "त्याच दिवशी बरोबर झालं, दादा? माझा हात आत असताना?"

गाडीवाल्याचा फोन आला होता, हे थोरल्याने दाखवलं. हमाल म्हणाला, फोन आला ते दिसतंय, अंगठा कुठे पडला ते कुठे दिसतंय. मामा उठला आणि कोणाचा निरोप न घेता चालता झाला.

त्यानंतर थोरला कुट्टीकडे गेला नाही. ताटं विळ्याने, मोडक्या बोटांनी कापू लागला. थोरली कापायची, म्हातारी कापायची, तरी गाईंना पुरत नव्हतं. त्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. त्या दिवसभर हंबरायच्या. एका सकाळी त्यातली एक उठलीच नाही. आणि त्याच सकाळी, मेलेली गाय गोठ्यात पसरलेली असताना, धाकटा आला. बरोबर हमाल होता आणि हमालाच्या हातात काठी होती. धाकटी दारात उभी होती. धाकटा म्हणाला, अर्ध्या गाई सोडतोय, आणि कुट्टी उचलून नेतोय. माझा हात खाल्लाय तिने, ती माझी.

थोरला मेल्या गाईजवळून उठला. त्याला रात्रभर झोप नव्हती. पण तो शांत होता, आणि हे बघून थोरलीला भीती वाटली.

"ने," तो म्हणाला. "सगळं ने. आधी एक कर."

त्याने खिशातून फोन काढला, पान उघडलं आणि धाकट्याच्या डाव्या हातात दिला. मग तो कुट्टीपाशी गेला. खाली पडलेला मुळांचा एक गुंता त्याने तिच्या तोंडात कोंबला. त्याने बाही वर केली आणि उजवा हात आत घातला. कोपरापर्यंत. दंडापर्यंत.

"बोर्डात फ्यूज आहे," तो म्हणाला. "लाइट आहे. बटण तुझ्या हातात आहे. मी मुद्दाम केलं असं तुला वाटत असेल, तर दाब. नसेल वाटत, तर फोन खाली ठेव आणि मला एकदा दादा म्हण."

थोरली पुढे धावली. हमालाने तिच्यासमोर काठी आडवी धरली आणि ती त्याच्या मनगटाला चावली. म्हातारी ओट्यावरून धडपडत उतरत होती. थोरला फक्त धाकट्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याला खात्री होती. खांद्यावर बसवलेलं पोर होतं ते. ताप आला की दादाच्याच कुशीत झोपायचं. तो दाबणार नाही, एवढंच थोरल्याला सगळ्यांच्या देखत व्हायला हवं होतं. त्यासाठी त्याने हात पणाला लावला होता.

धाकट्याने गळ्यातल्या खुंटाकडे पाहिलं. मग त्याचा अंगठा खाली आला.

थोरल्याने तो येताना पाहिला. चुकून नाही, घाबरून नाही. नेम धरून आला. बटण हिरवं झालं, आणि त्याचा हिरवा उजेड धाकट्याच्या हनुवटीवर पडला.

यंत्र हललं नाही.

धाकट्याने पुन्हा दाबलं. पुन्हा. दात खाऊन, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, दाबतच राहिला. हिरवं, लाल, हिरवं. रूळ गप्प होते. शेवटी फोनची काच आपोआप विझली. थोरला हात काढत नव्हता. त्याला हात काढायचा आहे हेच जणू तो विसरला होता. तो भावाकडे बघत होता. म्हातारीने मागून येऊन त्याच्या शर्टाला आणि केसांना धरलं आणि सगळं अंग मागे टाकून त्याला ओढलं. रुळांच्या दातांनी दंडाचं कातडं सोललं. दोघे मेल्या गाईच्या पोटावर पडले.

धाकटा हातातल्या काळ्या काचेकडे बघत होता. काय झालं ते बघायला त्याने तिला अंगठा लावला. काच उजळली.

कुट्टी सुरू झाली. रुळांनी मुळांचा गुंता ओढला आणि पात्यांनी त्याचे बारीक तुकडे करून मागे फेकले. ते धाकटीच्या पायांवर पडले. ती मागे सरली. धाकटा लाल बटण दाबत होता, ते लाल होत होतं आणि यंत्र चालत होतं. त्याने फोन टाकून दिला आणि तो गुडघ्यांवर बसला.

थोरला उठला. दंडातून रक्त गळत होतं, ते त्याने पुसलं नाही. तो गोठ्याच्या मागच्या दाराने बाहेर पडला आणि कोणी न तुडवल्याने पुसत चाललेल्या त्या जुन्या वाटेने विहिरीकडे निघाला. थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. धाकटा येत होता. तुटक्या हाताचा खांदा एकीकडे झुकवून, अडखळत.

बोर्डाचं दार गंजलं होतं. थोरल्याने ते मुठीने ठोकून उघडलं आणि फ्यूज उपसला. लांब गोठ्यातला आवाज खाली खाली येत थांबला. मग गाई हंबरताना ऐकू आल्या.

"दादा," धाकटा म्हणाला. "खरंच ते आपोआप झालं होतं. मला आता कळलं, दादा."

ज्या शब्दासाठी थोरल्याने हात आत घातला होता तो शब्द आता मिळाला होता. त्याला तो ऐकू आला आणि काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं म्हणून त्याने थोडा वेळ वाटही पाहिली.

"त्या दिवशी दाबताना," तो म्हणाला, "तुझा हात आत जाणार आहे हे मला माहीत नव्हतं."

त्याने बोर्डाचं दार लावलं.

"आज तुला माहीत होतं."

विहिरीच्या काठावरून एक ढेकूळ आत पडलं. तळाला पाणी नव्हतंच, त्यामुळे ते नुसतं आपटलं.

थोरल्याने फ्यूज पुसला आणि स्वतःच्या खिशात घातला. मग त्याने वरच्या पट्टीकडे बोट केलं. तिथे माती उकरून पुन्हा लोटलेली होती, आणि सगळ्या कोरड्या शेतात तेवढाच तुकडा भुसभुशीत दिसत होता.

"वाटणी करू," तो म्हणाला. "बांध तिथून घाल. तुझा हात तिथे पुरलाय, तो तुझ्या अंगाला येऊ दे."

धाकटा तिकडे बघत उभा राहिला. थोरला खिशावर हात दाबून धरत परत निघाला. गाईंना अजून चारा कापायचा होता.